‘मन मोकळं कर’ म्हणताय, पण ऐकणार कोण?

आडगावकर
काल इथे एक पोस्ट फिरत होती. ‘मुलगे बोलतच नाहीत. त्यांना रडायला शिकवा, निम्मे प्रश्न सुटतील.’ खाली बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण फारच लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

बोलत नाहीत? माझा धाकटा भाऊ बोलला होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा एप्रिल 2020 ला होती, ती ढकलत ढकलत 14 मार्च 2021 वर आली. तीही तीन दिवस आधी पुढे ढकलली. पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे 21 तारखेला झाली. त्याच सुमारास त्याचा फोन आला, “दादा, झोप लागत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत.”

मी काय सांगितलं? “पहाटे उठून पळायला जा.” वडील म्हणाले, “मेसचं बंद कर, हाताने करून खा.” आईने दृष्ट काढून मीठमिरच्या चुलीत टाकल्या, इकडे गावात, त्याचा फोटो समोर ठेवून. त्यानंतर तो फोनवर फक्त ‘बरंय’ म्हणायचा. रडायला शिकवायचे वर्ग नंतर काढा, आधी आम्हाला गप्प बसायला शिकवा.

रानजाई
ती पोस्ट माझी. पुढचं वाक्य सोयीस्करपणे गाळलंत: ‘आणि बापांनी मध्ये बोलू नये.’ म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मला ओरडून सांगताय.

शाळेत समुपदेशनाचं काम करते. परवा दहावीतला एक मुलगा समोर बसला. काय झालं? “काय नाय मॅडम.” वीस मिनिटं कंपासपेटीवरचं स्टिकर नखाने सोलत होता. पूर्ण सोलून झालं, उठला, गेला. तुमचा भाऊ निदान चोविशी-पंचविशीत तरी बोलला. आणि हा घरोघरचा रडका सूर नाही. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यात पुरुष 1,22,724.

हेडमास्तर
आमच्या गावात तालीम होती. संध्याकाळी शंभर जोर मारले की डोक्यात विचार राहायचे नाहीत. आता तिथे मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. यावर कोणी बोलणार नाही.

तिरकस
गुरुजी, तालमीतल्या पोरांच्या मनात काय चाललंय ते तुम्ही विचारलं होतं का कधी, की जोरच मोजत होतात?

उसाचा फड
परीक्षा, शाळा, तालीम, सगळं सोडा. गावाकडच्या पोराचं दुखणं एकच आहे, लग्न. पण ते बोललं की बायकांविरुद्ध बोलला म्हणून ठरवून मोकळे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात पोरं नवरदेव होऊन, घोड्यावर बसून, कलेक्टर कचेरीवर गेली. बातमी बघून सगळे हसले. हे मानसिक आरोग्य नाही का? मुलींना शेती पाहिजे, शेतकरी नको. यावर कोण काढणार धागा?

रानजाई
त्या मुलींनी आईला चाळीस वर्षं धारा काढताना पाहिलंय. त्यांनी नकार दिला तर तो गुन्हा?

तिरकस
आणि मुली आणायच्या कुठून? 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे 807 मुली. राज्यात 894. ज्या जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्यांच्या अपेक्षा वाढल्या म्हणायचं का?

उसाचा फड
झालं. आकडे फेकले की माणूस संपला. मी 1991 चा आहे साहेब, 807 वाली पोरं आत्ता कुठे मिसरूड फुटलेली. आणि सोनोग्राफी मी केली का? मला दोन बहिणी आहेत, दोघींच्या लग्नाचं सोसायटीचं कर्ज मी फेडलं.

मागच्या वैशाखात पाहुणे घर बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या मामाने विचारलं, जिरायत का बागायत? मग उठून थेट विहिरीवर गेला. वाकून पाणी बघितलं, वर खडा टाकून बघितला. माझ्याकडे बघितलंच नाही. निरोप अजून यायचाय. हे सातवं स्थळ. तुम्ही ठाण्या-पुण्यात बसून टक्केवारी काढा.

तिरकस
ठाण्यात नाही, परभणीत बसून. पण खड्याचं वाचून बोट थांबलं. तुमच्या माथी मारायला नको होतं, तेवढं मागे घेतो. आकडा मागे घेत नाही.

उसाचा फड
उपकार झाले.

पेठेतला पाहुणा
मी सध्या सदाशिव पेठेतच आहे, चौथा अटेम्प्ट. तुम्ही भांडा, मी एक सांगतो. 14416 लावून बघितला होता. टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, फुकट आहे. मराठीचा पर्याय दाबला, पलीकडे एक ताई होत्या, घाई करत नव्हत्या. पण खोलीत सहा कॉट. दोन वाक्यं बोललो आणि शेजारचा कूस बदलून जागा झाला. मी म्हणालो, “हो मावशी, जेवलो, ठेवतो.” आणि कट केला. अभ्यासिकेत बोलता येत नाही, जिन्यात मालक, टपरीवर ओळखीची पोरं. तेव्हा ‘बोला’ म्हणणाऱ्यांनी कुठे बसून बोलायचं तेही सांगा.

रानजाई
हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या शाळेतही समुपदेशनाची खोली म्हणजे खेळाचं सामान ठेवायची खोली, दार नीट लागत नाही. त्या पोराने स्टिकर सोलण्याशिवाय करायचं काय होतं, आता वाटतंय.

हेडमास्तर
तालमीला दार होतं.

आडगावकर
रानजाईताई, वाक्य गाळलं हे खरं. पूर्ण वाचलं नव्हतं, चिडलो होतो. पण ‘निम्मे प्रश्न सुटतील’ हे अजूनही पटत नाही.

भावाचं विचारताय (दोघांनी खासगीत विचारलं), तो आता ठिबकच्या दुकानात आहे, पुस्तकं रद्दीत दिली नाहीत, खोक्यात आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम म्हणे 1996 पासून आहे, आम्हाला कळायला 2021 उजाडलं. आमच्याकडे त्या डॉक्टरांची ओपीडी आठवड्यातून एकदाच. वडिलांचा गोळ्यांना विरोध, सवय लागेल म्हणून. तरी मोटरसायकलवर तेच न्यायचे, मी नाही. बाहेर लिंबाखाली केसपेपर धरून बसायचे. जाता-येता एक शब्द नाही, असं भाऊच सांगतो. सातव्या-आठव्या खेपेला वाटेत गाडी थांबवून उसाचा रस पाजला आणि म्हणाले, “पुढच्या मंगळवारी लवकर निघू, नंबर लागतो.” त्यांना रडायला शिकवायला गेलो असतो तर चपलेने मारलं असतं.

उसाचा फड
पेठेतले पाहुणे, ते रात्री दोनला उचलतात का? सहज विचारतोय. आमच्याकडे खोलीची भानगड नाही, पण रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते.

पेठेतला पाहुणा
चोवीस तास आहे. मी पण दोनलाच लावला होता.