लेक्कीत रिफायनरी झाली, तरी नायजेरियात पेट्रोल महागच का?

प्रश्न: २९ मे २०२३ ला राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी पेट्रोलवरची सबसिडी संपल्याचं जाहीर केलं. उद्योगपती अलिको डांगोटेंची लागोसजवळच्या लेक्कीतली, रोज साडेसहा लाख बॅरल क्षमतेची रिफायनरी सप्टेंबर २०२४ पासून पेट्रोलही काढते. तेल घरचं, कारखाना घरचा, मग भाव का उतरत नाही?

उत्तर १: तेल घरचं असलं तरी भाव डॉलरमध्ये ठरतो. जून २०२३ मध्ये नायराचा (नायजेरियाच्या चलनाचा) दर बाजारावर सोडला, तेव्हा डॉलरला सुमारे ४६० नायरा पडायचे. २०२४ अखेर १,५०० च्या वर. बॅरलचा भाव तसूभर हलला नाही तरी खर्च तिपटीच्या वर जातो. दुखणं इथेच आहे.

उत्तर २: पण ऑक्टोबर २०२४ पासून सरकार रिफायनरीला कच्चं तेल नायरात देतं ना?

उत्तर १: पैसे नायरात चुकते होतात, दर जागतिकच. डॉलर शोधायची वणवण थांबते, इतकंच.

उत्तर ३: २०२१ चा पेट्रोलियम कायदा देशांतर्गत पुरवठा बंधनकारक करतो, पण किंमत खरेदीदार-विक्रेत्यांच्या राजीखुशीवर सोडतो. म्हणून ही रिफायनरी अमेरिकेतूनही कच्चं तेल आणते! सबसिडी काढली ते योग्यच. मात्र पेट्रोल आयातीचे परवाने बंद करू नयेत, नाहीतर सरकारी मक्तेदारी जाऊन खासगी येईल.