मदत हवी आहे: कुत्रा हा शब्द आला कुठून?

लेकीला प्राण्यांच्या नावांचं वेड लागलंय. काल मांजर खिडकीत बसून पंजा चाटत होती तेव्हा तिला सांगितलं, बघ, मांजर हे मार्जारवरून आलं आणि त्यात मृज् धातू आहे, म्हणजे साफ करणं, सारखी अंग चाटून स्वच्छ करते ना ती! हत्ती हस्तिन्‌वरून, ज्याला हात म्हणजे सोंड आहे तो. वाघ, म्हैस पण जमले, व्याघ्र आणि महिषी. इंग्रजीतला मंगूस तर आपल्या मुंगूसवरूनच गेलाय हे ऐकून पोरगी जाम खूश झाली.

पण कुत्र्यापाशी अडलोय. संस्कृतात श्वान, मग कुत्रा कुठून? खार आणि डुक्करचं पण सांगा. चांगला व्युत्पत्ती कोश ऑनलाइन कुठे बघता येईल, कोणी लिंक द्याल का प्लीज?