पावसात मासा ‘लागतो’ की ‘मिळतो’?

प्रश्न : ‘पावसात मासे चांगले लागतात’ आणि ‘पावसात गळ टाकून उपयोग नाही, मासा लागत नाही’ ही दोन्ही वाक्यं मी मासेमारी करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकली आहेत. बोलणारे दोघेही मुरलेले. मग दोघांच्या बोलण्यात ‘लागणे’चा अर्थ वेगळा आहे का? शिवाय मासे ‘मिळतात’, ‘सापडतात’ असंही म्हणतात. ही क्रियापदं एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर : चालत नाहीत, आणि तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मासा ‘लागतो’ तो गळाला. त्यासाठी त्याला भूक हवी, आमिष जवळ आहे हे कळायला हवं आणि ते त्याने आपणहून तोंडात घ्यायला हवं. जाळ्यात मासा ‘मिळतो’ किंवा ‘सापडतो’. तिथे त्याच्या भुकेचा प्रश्न येत नाही, तो त्या जागी असला की पुरे. जाळं टाकणाराही कधी ‘आज बरे लागले’ म्हणतो. बोलण्यात तेवढा सैलपणा चालतो. पण पावसाविषयी बोलताना हा फरक पाळावा असं मला मनापासून वाटतं. पाऊस माशाची भूकही बदलतो आणि माशाची जागाही, आणि हे दोन बदल दर वेळी एकाच बाजूला जात नाहीत.

उरलेलं निम्मं उत्तर ‘पाऊस’ या शब्दात आहे. भुरभुर, झिमझिम, सर, झड, संततधार, मुसळधार ही नावं इथे खरोखर कामाची आहेत, कारण प्रत्येकात पाण्याचं वेगळं होतं. झिमझिम असली की पाण्याचा पृष्ठभाग मोडतो, आभाळामुळे उजेड मंद होतो, आणि काठावरच्या माणसाची सावली किंवा हालचाल खालून नीट दिसत नाही. एरवी खोलात दबून असलेला मासा अशा वेळी धीट होऊन उथळात येतो. तापलेल्या पाण्यावर चांगली सर येऊन गेली तर आणखी एक गोष्ट घडते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो : गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी जरासं निवलं, थेंबांनी घुसळलं गेलं, की सुस्तावलेला मासा हिंडू लागतो आणि खाऊही लागतो. तुमचा पहिला गृहस्थ बहुधा या पावसाबद्दल बोलत असावा.

दुसरा मुसळधारेबद्दल. तेव्हा माती वाहून येते, पाणी गढूळ होतं, ओढ वाढते. नजरेने शिकार करणाऱ्या मरळीसारख्या माशाला आमिष दिसतच नाही. मिशांचे मासे, म्हणजे मांगूर, शिंगाळा वगैरे, वासावर आणि मिशांच्या स्पर्शावर चालतात. त्यामुळे गढूळ पाण्यात गांडुळासारख्या वासाच्या आमिषाला ते लागू शकतात. म्हणून ‘गढूळ पाण्यात मासा लागत नाही’ हे विधानही अपुरं आहे. कोणता मासा, ते सांगावं लागतं. ओढ फार असली की मासे खडकाच्या आडोशाला, काठाच्या संथ पाण्यात सरकतात. ओहोळ येऊन मिळतो तिथे गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसते. वाहून आलेले किडे, गांडुळं टिपायला मासे त्या रेघेवर टपलेले असतात. पावसात मला एकच जागा निवडायला सांगितली तर मी तीच निवडेन.

जाता जाता : ‘निवणे’ म्हणजे थंड होणे आणि ‘निवळणे’ म्हणजे गाळ बसून स्वच्छ होणे. पाणी सरीनंतर लगेच निवतं, पण मोठ्या पावसानंतर निवळायला दिवस जातात. ‘उघडीप पडली की मासा लागेल’ या वाक्यात दुसरी क्रिया गृहीत धरलेली आहे.

शंका : आमच्या बोलण्यात ‘पाऊस पडला, मासे वर आले’ असं म्हणतात. हे ‘वर येणं’ म्हणजे मासा खायला आला असंच ना?

उत्तर : नेहमी नाही, आणि इथे गफलत महागात पडते. वर आलेला मासा पाण्यावर पडलेला किडा टिपून लगेच खाली गेला, तर तो खायला आलेला असतो. पण साचलेल्या तळ्यात पुष्कळ मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करत राहिले, तर त्यांना प्राणवायू पुरत नाही असं समजावं. दिवसभर मळभ राहिलं की पाण्यातली शेवाळं आणि वनस्पती प्राणवायू कमी तयार करतात. रात्री तो सगळ्यांनाच लागतो, आणि पहाटे सर्वांत कमी उरतो. त्यात जोराच्या गार पावसाने तळाचं कुजकं पाणी वर मिसळलं तर मासे मरतातही. असे मासे हाताने धरता येतील इतके जवळ असतात, पण आमिषाकडे वळतही नाहीत. ‘मिळतात’ पण ‘लागत नाहीत’ याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही. पहिल्या अर्थी ‘मासे उठले’ आणि दुसऱ्या अर्थी ‘मासे धापा टाकताहेत’ असं वेगळं बोललं तर तळं सांभाळणाऱ्याला वेळीच धावता येईल.

भर : ‘चढणीचे मासे’ हा शब्दही इथे हवा. काही भागांत त्यांना ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. पहिल्या मोठ्या पावसाने नवं पाणी वाहू लागलं की गाभोळीने भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि उथळ, नव्याने भरलेल्या पाण्यात अंडी घालतात. रोहू, कटला, मृगळ यांना पावसाळी पुराचं पाणी इतकं गरजेचं आहे की ते साध्या तळ्यात आपणहून वीत नाहीत. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांना वीण करायला लावली, तेव्हा कुठे बीजासाठी नदीवर अवलंबून राहणं कमी झालं. चढणीच्या वेळी मासे ढिगाने ‘सापडतात’. गळाला मात्र क्वचित, कारण विणीच्या घाईतला मासा खाण्याकडे फारसा वळत नाही. माझं स्पष्ट मत असं की या सापडण्याला ‘चांगली मासेमारी’ म्हणू नये. गाभोळीचा मासा अंडी घालण्याआधीच काढला तर पुढच्या वर्षीचे मासे त्याच्याबरोबर जातात.

शंका : आणि ‘हवेचा दाब उतरला की मासा लागतो’?

उत्तर : पावसाआधी दाब उतरतो हे खरं. पण तो १० ते २० हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरला, तर माशाच्या दृष्टीने हा बदल १० ते २० सेंटिमीटर वर येण्याइतका होतो. मासा दिवसभरात याहून कितीतरी जास्त वरखाली करत असतो. त्याच वेळी बदलणारा उजेड, वारा आणि पाण्याची ऊब ही कारणं मला जास्त पटतात. म्हणून ‘आभाळ भरून आलं की मासा लागतो’ असं म्हणणं बरं. त्यात जे दिसतं तेवढंच सांगितलेलं आहे.