मदत हवी आहे: उन्हाळ्यात औषधे फ्रिजमध्ये ठेवावीत की बाहेर?

अमळनेरची_सून: आमचे गाव अमळनेर तालुक्यात आहे. सध्या दुपारी पारा ४४ अंशांवर जातो आणि वीज रोज चार-पाच तास नसते. सासूबाईंची औषधे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, फडताळात असतात. दुपारी तो डबा हाताला चटका देतो. ती फ्रिजमध्ये ठेवावीत की बाहेर, एवढेच सांगावे. ‘डॉक्टरांना विचारा’ असे कृपया कोणी लिहू नये. ते सोमवारी भेटतात आणि आज शुक्रवार आहे.

केळीबाग_रावेर: सरसकट सगळी फ्रिजमध्ये ठेवावीत. आमच्याकडे दहा वर्षे हेच चालले आहे.

जुना_औषधविक्रेता_धुळे: सरसकट मुळीच ठेवू नयेत. थंड पाकीट गरम हवेत काढले की त्यावर दव धरते, आणि एकदा उघडलेल्या बाटलीतल्या गोळ्यांना ती ओल बाधते. बहुतेक गोळ्यांना २५ ते ३० अंशांखालची कोरडी जागा लागते. ते वेष्टनावर छापलेले असते. ताई, औषधे कोणती, हे आपण लिहिलेलेच नाही.

केळीबाग_रावेर: मे महिन्यात खान्देशात ३० अंशांची जागा कोठे असते, तेही सांगून टाकावे.

जुना_औषधविक्रेता_धुळे: धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची मधली खोली पत्र्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ थंड असते. शेगडीजवळ आणि कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये, कारण कूलरची हवा दमट असते.

भुसावळकर: इन्व्हर्टर घ्यावा. आमच्या बॅटरीला पाच वर्षे झाली, पाणी मात्र वेळेवर भरावे लागते.

अमळनेरची_सून: इन्व्हर्टरचा प्रश्न नाही. रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या आहेत. थायरॉइडच्या मी रंगीत डबीत ओतून ठेवल्या आहेत. शिवाय इन्सुलिनच्या दोन बाटल्या आहेत, ते लिहायचे राहिले. एक वापरात आहे. दुसरी, वीज जाते म्हणून, बर्फाच्या कप्प्यात ठेवली होती आणि काल ती गोठलेली दिसली. आता वितळून पूर्वीसारखीच दिसते. चालेल ना?

जुना_औषधविक्रेता_धुळे: चालणार नाही. हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसले तरी त्याचा गुण कितपत उरला, हे डोळ्यांना कळत नाही. आजच नवी बाटली आणावी. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून आणि दारापासून दूर ठेवावी. उघडलेली बाटली २५ ते ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते, नेमकी मुदत आतल्या कागदावर असते. म्हणून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. थायरॉइडच्या गोळ्यांना ऊन, ओल आणि उजेड तिन्ही बाधतात, त्या मूळ बाटलीत परत घालाव्यात.

चोपड्याचा_शिक्षक: वीज नसेल तेव्हा उघडलेल्या बाटलीसाठी मोठ्या माठात लहान मडके बसवावे, मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवावी आणि बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी.

केळीबाग_रावेर: माठात फ्रिजचा गारवा येणार आहे काय?

चोपड्याचा_शिक्षक: नाही, आणि तसा दावाही नाही. आपल्याकडची कोरडी हवा वाळूतले पाणी झपाट्याने उडवते, त्यामुळे आतली हवा खोलीपेक्षा बरीच थंड राहते. पावसाळ्यात हाच उपाय लंगडा पडतो. आणखी एक, न विचारता: कपाशीच्या फवारणीची बाटली त्याच फडताळात असेल, तर ती आधी तेथून हलवावी.

अमळनेरची_सून: होती. गोठ्याच्या खोलीत कुलपात नेली. गोठलेली बाटली बाजूला काढली, नवी आणायला मुलगा बर्फाच्या पाण्याचा थर्मास घेऊन गेला आहे. मडकी बसवली; दुपारी तीनला तापाचा थर्मामीटर आत ठेवून आकडा कळवते.

जुना_औषधविक्रेता_धुळे: तापाचा थर्मामीटर साधारण ३२ ते ३५ अंशांच्या खालचे दाखवत नाही, ताई. भिंतीवर टांगायचा मिळतो, तो मुलाला फोन करून आणायला सांगावा. आणि बाटली बर्फाला टेकू देऊ नका, ती कापडात गुंडाळून आणायला सांगा.