मिक्सर हाती येण्याआधी कानात काय होतं? (अनुभव धागा)

इथे हाउस, टेक्नो, ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक नाचसंगीत वाजवणारे बरेच डीजे आहेत. कुठला कंट्रोलर घ्यावा यावर आपण तासन् तास बोलतो, पण लहानपणी कानात काय पडलं होतं हे कोणी सांगत नाही. ते इथे लिहा. सुरुवात मी करतो.

डोंबिवलीच्या घरात बाबांच्या हिंदी गाण्यांच्या कॅसेटी होत्या. मला दोन कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे आवडायचे. ते परत परत ऐकण्याच्या नादात एका कॅसेटची फीतच चुरगळली. पुढे 2010 मध्ये चरणजित सिंग यांचा 1982 चा राग आणि डिस्कोचा अल्बम पुन्हा निघाला, आणि ऐकताना अंगावर काटा आला. चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने मुंबईत बसून रोलँडच्या टीबी-303 (बेस सिंथेसायझर) आणि टीआर-808 (ड्रम मशीन) वर भैरवी, ललित, यमन वाजवले होते. त्याच 303 मधून शिकागोचं अ‍ॅसिड हाउस (हाउसचा एक प्रकार) निघालं, पण ते काही वर्षांनी. 303 वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. मला त्यात मींडच ऐकू येते. आजही माझ्या सेटमध्ये शब्द जवळजवळ नसतातच.

कराडहून

आमच्या घरात हलगी. वाजवायच्या आधी शेकोटीवर धरून कातडं ताणून घ्यायचं, हे काम माझ्याकडे असायचं. जास्त तापली की आवाज चिरका, कमी तापली की बसका. आज किक ड्रमचा (ठेक्याच्या जड ठोक्याचा) सूर लावताना मी तेच करतो, फक्त शेकोटी नाही.

खरी अडचण ठेक्याची झाली. हलगी माझ्या अंगात तीन-तीनच्या झोकाने बसलेली, आणि हाउस सरळ चारात चालतं. पहिलं वर्षभर माझं मिक्सिंग लंगडायचं. मग एका रात्री चारच्या किकवर हलगीचे तीन सोडून दिले. बारा मात्रांनी दोन्ही एकत्र येतात. तिथे लोक आपोआप ओरडतात, मला काही करावं लागत नाही. गावच्या जत्रेत मी वडिलांची हलगी थेट माइकवर घेतली, तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "हां, आता काहीतरी वाजतंय."

म्हापशाहून

चवथीला घरोघरी आरती, सोबत घुमट, समेळ (ढोल), कांसाळं (झांजा). घुमट म्हणजे मातीचं मडकं. मोठ्या तोंडाला कातडं, मागचं लहान तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या हाताने ते तोंड झाकायचं-उघडायचं, त्यावर खर्ज कमी-जास्त होतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, वन्यजीव कायद्यानंतर बोकडाचं आलं. मिक्सरवरच्या बेसच्या बटणाला मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा ते मला कोणी शिकवावं लागलं नाही.

हणजुण्याचा (अंजुना) ट्रान्स आम्ही आधी लांबून ऐकला, रात्री वाऱ्यावर. उन्हात तबकड्या वाकतात म्हणून गोवा गिलसारखे डीजे डॅट नावाच्या छोट्या टेपवर वाजवायचे. टेपचा वेग कमी-जास्त करता येत नसे, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठेके जुळवणं कठीण. मग ठेका नसलेल्या लांब सुरुवाती-शेवटांवर एक ट्रॅक दुसऱ्यात विरघळवायचा. मला ती पद्धत फार प्रिय आहे. आता वेग हवा तसा बदलता येतो, तरी मी तसंच वाजवतो.

मिशिगनहून

थोडंसंच लिहितो. मेच्या शेवटी डेट्रॉइटच्या हार्ट प्लाझात टेक्नोचा महोत्सव असतो, दरवर्षी जातो. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन हे टेक्नोचे तिघे जनक शाळकरी वयात इलेक्ट्रिफायिंग मोजो या रेडिओ निवेदकाचा कार्यक्रम ऐकत. तो जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या बँडचं इलेक्ट्रॉनिक संगीत आणि आपल्या शहराचं फंक एकाच रात्री लावायचा. हे कळलं तेव्हा आजोबांच्या उशाशी चालणारी विविध भारती आठवली. तिथेही एकामागून एक काय येईल याचा नेम नसायचा, आणि गाणी ओळीने कशी लावावीत हे मी त्यातूनच शिकलो.

नाशिकहून

माझी प्रेरणा उलटी आहे. दहावीत विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे दोन तास नाचलो. डाव्या कानातली शिट्टी अजून थांबलेली नाही. डीजे झालो ते लोकांना कान न फोडता नाचवायचं म्हणून. खिशात कानातले बोळे कायम असतात, मागेल त्याला देतो.

मिरजेहून, सध्या पुण्यात

आमच्या गल्लीत तानपुरे बनतात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. दोरा केसभर हलला की एका तारेतून दहा सूर उमलतात. शाळेतून येताना मी तिथे उभी राहायची, कारागीर काका हाकलत नसत. गाणं शिकले, पण मैफलीची गायिका झाले नाही. आता अ‍ॅम्बियंट (संथ, वातावरण उभं करणारं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजवते. सहा-सात मिनिटं किक येतच नाही. एका ठिकाणी आयोजकांनी मध्येच थांबवलं होतं, तो अपमान विसरलेले नाही. पण विलंबित (संथ) ख्यालात समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायची सवय लागलेला कान घाई करू शकत नाही.

कराडचे दादा, तुमचे बारा वाचून बारा मात्रांचा एकताल आठवला. हलगी तापल्यावर कुठल्या सुराच्या जवळ जाते ते मोजून कळवाल का? त्या सुरात तानपुरा लावून रेकॉर्ड करून पाठवते.

कराडहून

ताई, आत्ताच शेकोटीवर धरून बघितली. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) जरा वर जातेय, पण गार होईल तशी उतरते. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग रात्री पाठवतो.