जुन्या घड्याळाच्या वजनाचा आकडा (हुक) तुटलाय, कसा बसवायचा?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी, आमच्या खानापूरच्या घरात आजोबांच्या वेळचं भिंतीवरचं लांब घड्याळ आहे, काचेच्या कपाटातलं, एकाच वजनावर चालणारं, टोल नाहीत त्याला, व्हिएन्ना रेग्युलेटर म्हणतात ते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री धाडकन आवाज आला, उठून बघितलं तर वजन कपाटाच्या तळाला पडलेलं आणि वरचा आकडा मानेपाशी तुटून पुलीलाच लटकत होता. वजन म्हणजे पितळेचं नळकांडं, आत शिसं, किराणावाल्याच्या काट्यावर २ किलो ३०० ग्रॅम भरलं. एका दुकानात दिलं तर त्यांनी कथलाचा डाग देऊन चिकटवून दिलं, आठ दिवसांत परत सुटलं, काच थोडक्यात वाचली. आता दुसरे एकजण वेल्डिंग मारून देतो म्हणतायत. बाबा गेल्यापासून दर रविवारी चावी आईच देते, घड्याळ बंद पडल्यापासून ती रोज विचारते. काय करू?

उद्यमबाग_लेथ
ताई वेल्डिंग अजिबात मारू देऊ नका!! शिसं ३२७ डिग्रीला पातळ होतंय, वेल्डिंगची आच त्याच्या कितीतरी वर, वरची पितळी टोपी वेडीवाकडी होईल आणि आत कुठं ओल राहिली असली तर तापलेलं शिसं उसळून अंगावर येतंय. कथील कमी आचेवर धरतंय हे खरं पण ते मऊ, सतत टांगता भार असला की हळूहळू ताणत जाऊन सुटणारच, तुमचं तेच झालंय. आधी एक बघा की, वजन उलटं केल्यावर खाली मधोमध नट दिसतोय काय? बऱ्याच वजनांत वरपासून खालपर्यंत एक लोखंडी सळई आरपार असते, आकडा त्या सळईचाच. सगळा भार खालच्या नटावर बसतो, शिशावर किंवा वरच्या टोपीवर काही येत नाही.

मलप्रभाकाठ
हो काका, नट आहे, गंजलाय. वर सळईचं थुटूक टोपीच्या बरोबरीनं तुटलंय, जाडी ६ मिमी भरते.

उद्यमबाग_लेथ
मग सोपं आहे. नटावर गंज सोडवायचं तेल रात्रभर मुरू द्या, पाना लावून बघा, सळई निघाली तर नवी स्टेनलेसची ६ मिमी सळई घ्या, एका टोकाला आटे पाडून नट-वायसर, दुसऱ्या टोकाला आकडा वाकवून घ्या. आमच्या उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, क्रँकशाफ्टची कामं करणारी पोरं आहेत, त्यांना हे हातचं काम. ठोकून मात्र काढू नका, शिसं मऊ, सळईबरोबर फाटत येतं आणि नळकांडं फुगतं.

जुनी_घड्याळं
वरच्यांशी थोडं वेगळं मत आहे माझं. जुनी सळई धड असेल तर ती बदलू नका, मूळ वस्तू जितकी राहील तितकी राहू द्या. तुटल्या जागेचा रंग बघा. आतला धातू राखाडी, चकचकीत असेल तर गंज फक्त मानेपुरता आहे, तिथं टोपी आणि सळईच्या फटीत ओल साचते आणि खानापूरच्या पावसात ती वाळतच नाही. मग थुटकाचं तोंड कानशीनं सपाट करा, मधोमध पंच मारा, ३.३ मिमीचं भोक १५ मिमी खोल, त्यात एम ४ चा टॅप, म्हणजे ४ मिमीचे आटे आतून पाडायचं हत्यार, फिरवा. नवा आकडा ४ मिमी सळईचा करून आट्यात बसवायचा, सव्वादोन किलोला तो भरपूर झाला. पण तुटल्या जागी निम्मी तांबडी-काळी जुनी चीर दिसली तर वरच्या काकांचं ऐका, पूर्ण सळई बदला.

आणि सगळ्यात जास्त चुकतं ते सांगतो. आकड्याची मान वाकवताना पुलीचा कान जिथं टेकतो तो बिंदू वजनाच्या मधल्या रेषेवर आला पाहिजे. नुसतं गोल वळवलं तर तो बाजूला जातो, वजन तिरकं लटकतं आणि खाली येताना कपाटाला नाहीतर लंबकाला घासतं. आधी मान उलट बाजूला थोडी वाकवायची, मग गोल करायचं. जुना आकडा तुकडा असला तरी टाकू नका, त्याच्यावर ठेवूनच नवा वाकवा.

निपाणी_वखारवाले
आमच्या वखारीतल्या घड्याळाचं असंच झालेलं. दुरुस्ती होईस्तोवर मी जाड कापडाच्या पिशवीत वाळू भरून तेवढ्याच वजनाची करून टांगली, घड्याळ चालू राहिलं. पिशवी अरुंद शिवा म्हणजे घासणार नाही. जास्त वजन मात्र घालू नका, चाकांच्या दात्यांवर आणि भोकांवर झीज वाढते. आणि ताई, दोनदा वजन पडलंय म्हणजे दोरी पण तपासा, तात, म्हणजे आतड्याची दोरी, असेल तर ती गुंडाळते त्या ड्रमपाशी कुठं तंतू सुटलेत काय बघा.

उद्यमबाग_लेथ
दोरीचं बरोबर बोललात. आणि सळई काढताना शिसं खरवडलं तर भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा, हात साबणानं धुवा, पोरांना लांब ठेवा.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तुटल्या तोंडावर निम्म्याहून जास्त काळी चीर होती म्हणून पूर्ण सळईच बदलली, नट दोन दिवस तेलात ठेवल्यावर सुटला. आकडा जुन्या तुकड्यावर ठेवून वाकवून घेतला, वजन आता सरळ ओळंब्यासारखं लटकतंय, काट्यावर २ किलो ३१० भरलं. तात पण विरलेली निघाली, ती नवी घातली. पहिले दोन दिवस कपाटात खाली गोधडीची घडी ठेवली होती. वाळूची पिशवी मधले बारा दिवस टांगली होती, आईनं ती जुन्या लुगड्याची शिवली आणि आता टाकू देत नाहीये.