सयाजीरावांचं सक्तीचं शिक्षण आणि आरटीई, एकच का?

मांडवीकर: मुलीच्या शाळेत प्रोजेक्ट आलाय, शिक्षणाचा हक्क. आमच्या आजेसासूबाई म्हणतात हे सगळं आपल्या बडोद्यात महाराजांनी कधीच केलं होतं, मग 2009 चा आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा कशाला लागला? कोणी नीट सांगेल का?

रावपुरा_७७: आजी बरोबर आहेत हो. 1893 ला अमरेलीत ट्रायल घेतली आणि 1906 मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं, मुलींनाही. पोर शाळेत नाही पाठवलं तर आईबापांना दंड! ब्रिटिश हद्दीत मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 ला असंच बिल आणलं ते पडलंच, पैसा नाही म्हणे.

वाचनवेडी: पण ताई तो हक्क नव्हता ना, महाराजांचा हुकूम होता, आणि दंड पालकांना. 1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्यात शिक्षणाचं कलम 26 आलं तेव्हा जगाने तो माणसाचा हक्क मानला, आणि तो जाहीरनामा तयार करणाऱ्या कमिशनवर आपल्या बडोदा युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या, हे प्रोजेक्टमध्ये टाकाच, बाई लगेच मार्क देतील. आपल्या घटनेत आधी ते फक्त मार्गदर्शक तत्त्व (म्हणजे कोर्टात मागता न येणारं), 10 वर्षांत करू असं, 2002 ला घटनेत कलम 21अ आलं तेव्हा कुठे 6 ते 14 वयाच्या मुलांचा मूलभूत हक्क झाला. आता मुलाला शाळा मिळाली नाही तर सरकारला कोर्टात खेचता येतं, महाराजांना कोण खेचणार होतं?

मांडवीकर: थँक्यू! आजींना अजून पटलेलं नाहीये 😄